सभापतींची धर्मलेकरं

नॅक्सॉस, ३ मे २०००

चि. अरिस्तिदिस यास आजीचे अनेक आशीर्वाद. ख्रिस्त उठला आहे.

तू संसदेचा सभापती झालास ते टीव्हीवर पाहिलं. एवढाली माणसं तू घंटी वाजवून गप्प करतोस आणि ती बसतातही. तुला मी चमच्यानं गप्प करायचे. कॅफेवाल्या मानोलिसनं सगळ्यांना फुकट पाजली. तुझ्या विरोधकांनी जास्त ढोसली. तुझा कोट पोटावर ताणला जातो, बटण सरकवून घे.

काम असं, की आपली झंबेता आणि सुताराचा मिकेस यांचं लग्न ठरलं, बकरीसुद्धा ठरली. आणि पाद्रीबाबांनी वही उघडली तर बाप्तिस्म्याला हातात धरणारा, दोघांचा धर्मबाप तूच. एका धर्मबापाची लेकरं म्हणजे बहीणभाऊ, लग्न लागत नाही. मी तेव्हाच सांगत होते, बाप्तिस्म्याला धरायचे तर नुसते मुलगे धर. पण तुला मुलीवाल्यांचीही मतं हवी होती. आता मिकेस म्हणतो, जहाजावर निघून जातो. झंबेता रडून अर्धी झाली.

अरे, तिच्या बाप्तिस्म्याला तू अथेन्सलाच अडकलास आणि पोर मी हातात घेतलं. नाव मात्र तुझं लिहिलं, कारण तिचा बाप गावभर सांगून बसला होता. तेव्हाचे पाद्री वारले. आताचे म्हणतात, म्हातारीचं बिशप ऐकायचे नाहीत, सभापतींनी लिहून द्यावं. दोन ओळी खरड. इकडे बटाटे छान आलेत.

तुझी आजी, कालिओपी

अथेन्स, ११ मे

ती. आजीस सा. न. वि. वि. खरोखर उठला आहे.

बटण सरकवलं. तुझं पत्र वाचून घाम फुटला. वीस वर्षं प्रत्येक सभेत मी सांगतोय, की झंबेताला याच हातांनी धरलं. आता नाही म्हणू? बिशपना फोन करून काही सूट मिळते का बघतो. जरा धीर धर.

तुझा लाडका, अरिस्तिदिस

नॅक्सॉस, १६ मे

चि. अरिस्तिदिस यास आशीर्वाद, पण थोडेच.

बिशपांनी तुलाच विचारलं म्हणे, की पोर रडलं होतं का. तू म्हणालास आठवत नाही. रडलं होतं, आणि माझा काळा झगा बाप्तिस्म्याच्या तेलानं भिजवला होता. मिकेसनं पेटी बांधली आहे. दुसऱ्यांची भांडणं सोडवतोस, तर ही गाठ तूच मारलीस, तूच सोड.

कालिओपी

अथेन्स, २२ मे

ती. आजीस सा. न. वि. वि.

संसदेच्या कामकाजाची नोंद सहीशिक्क्यानिशी सोबत जोडली आहे. झंबेताच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी सकाळी मी सभागृहात बटाट्यावर पन्नास मिनिटं बोलत होतो. खाली लिहून दिलंय, की मी चर्चमध्ये नव्हतो. वर्तमानपत्रवाले हसतील, हसू देत. राग सोड.

अरिस्तिदिस

नॅक्सॉस, ५ जून

चि. अरिस्तिदिस यास पोतंभर आशीर्वाद.

तुझा कागद पाद्रीबाबांनी रविवारी चर्चमध्ये वाचला. झंबेताचा बाप छताकडे बघत राहिला. मानोलिस म्हणाला, बटाट्यावर पन्नास मिनिटं बोलला, बटाट्याचा भाव काही वाढला नाही. बिशपांचा होकार आला, मिकेसनं पेटी सोडली. जूनअखेरचे उपवास लागले की लग्नं लागत नाहीत, म्हणून त्याच्या आत, पंचवीस तारखेला लग्न.

पण बाप्तिस्म्याला आया घरीच थांबायच्या, म्हणून आता बाकीच्या आया रांग लावून उभ्या आहेत, आमचं कुणी धरलं ते सांगा म्हणतात. पाद्रीबाबा वही घेऊन माझ्याच ओट्यावर बसतात. तुझ्या एकतीस लेकरांपैकी एकोणीस माझी निघाली. कॅफेत ठरलंय, पुढच्या निवडणुकीला मलाच उभं करायचं. मी नाही म्हटलेलं नाही.

लग्नाला मिकेसचा धर्मबाप म्हणून स्वतः ये, त्याला तरी तूच धरलं होतंस. यंदा तुझ्या जागी मी उभी राहणार नाही. झंबेताची धर्मआई म्हणून मला माझ्याच जागी उभं राहायचंय. माया आहे तशीच राहू दे.

तुझी आजी, कालिओपी