विजेचा चोक

४ डिसेंबर, गुरुवार

तुटली एकदाची. बाबांच्या ट्रकच्या चोकची तार. ओढायचा नॉब तारेसकट हातात आला, आणि बाबा माझ्याकडे असं बघत राहिले की जणू मीच तो मोडून त्यांच्या हातात दिला. गंजून घट्ट झाली होती, मी कधीची सांगत होते! गार इंजिन चालू करायचं तर चोकची झडप बंद हवी. नाहीतर कार्ब्युरेटरमध्ये नुसती हवा जाते आणि इंजिन काही पेटत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी बसली. सकाळी पोचवायच्या सुताराच्या फळ्या दुपारी पोचल्या.

दादाला नेमकं आजच कळायला हवं होतं. फोनवर म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो. तोवर परत अडला तर ट्रक जाणार. हे वय आहे का बाबांचं ट्रक चालवायचं?" म्हणजे राग वयावर आणि गदा ट्रकवर. बाबांना दुसरं काहीच येत नाही, आवडतही नाही, हे त्याला तिकडे बसून कसं दिसणार.

आई म्हणाली, "ट्रक गेला तर हे दिवसभर माझ्या ओट्यापाशी उभे राहतील. तू तो दुरुस्त कर बाई."

५ डिसेंबर, शुक्रवार

विजेचा चोक आणला. नॉब नको, तार नको, ओढाओढ नको. आत एक स्प्रिंग असते. तिला वीज मिळाली की ती हळूहळू तापते आणि झडप आपोआप उघडते. तोवर इंजिनही तापलेलं असतं. दिवसभर दुकानात जळलेल्या मोटारी भरते मी, तांब्याची तार नव्याने गुंडाळते, मला एक वायर जोडायला काय लागतं!

नॉबचं भोक उरलं होतं, त्यात रबरी बूच बसवलं. छान दिसतंय.

६ डिसेंबर, शनिवार

कशाचं छान. इंजिन मिसिंग करतंय. मी ट्रक चढावर घेऊन गेले तर धापा टाकायला लागला. गॅरेजच्या मिस्त्रींनी बॉनेट उघडून एवढंच विचारलं, "वायर कुठून घेतलीस?"

कॉइलवरून. जवळ पडली म्हणून.

"कॉइलच्या तोंडचा घास काढलास की. मग ठिणगी कशी पडणार?"

मोटारी भरणारी म्हणे! कान लाल झाले माझे. बाबा बाजूला उभे राहून मिशीत हसत होते.

७ डिसेंबर, रविवार

नवी वायर थेट किल्लीच्या स्विचवरून. मध्ये फ्यूज. किल्ली फिरवली की चोकला वीज. गार असताना मी स्वतः मारून बघितला, शिलाई मशीनसारखा चालला. सुटले.

८ डिसेंबर, सोमवार

बाबांच्या हातून चालू झाला नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

आजही नाही. मी धावत खाली गेले, सेल्फ मारला. मलाही नाही. संध्याकाळी पुन्हा मारला तर एका झटक्यात! वायर न् वायर मीटरने तपासली. कुठे काही नाही.

"तुझा तो चोक माझ्यावर डूख धरून आहे," बाबा म्हणाले.

रबरी बूच खाली पडलं होतं. परत बसवलं.

१० डिसेंबर, बुधवार

सुताराने आज दुसरा टेम्पो बोलावला. दादाला कळवलेलं नाही.

११ डिसेंबर, गुरुवार

सापडलं!

बाबा सेल्फ मारून थकले तेव्हा मी सरळ बॉनेट उघडलं. इंजिनला हात लावला, बर्फ. चोकला हात लावला, गरम. आता इंजिन पेटलंच नाही तर चोक तापला कसा? एकच कारण. कुणीतरी नुसती किल्ली फिरवून बराच वेळ बसलंय. चोक बिचारा तापला, उघडला, आणि गार इंजिनाची पंचाईत.

बाबांना विचारलं. आधी नाही म्हणाले. मग खाली बघत म्हणाले, "जरा रेडिओ ऐकत होतो."

मला तर नाचावंसं वाटलं. चूक माझ्या वायरिंगची! माणसाने स्वतःच्या ट्रकमध्ये रेडिओ ऐकू नये की काय? अर्धा दिवस रजा टाकली. मिस्त्रींकडून तेलाच्या दाबावर चालणारा स्विच आणून मध्ये घातला. आता इंजिन फिरून तेलाला दाब आला तरच चोकला वीज. किल्ली लावून वाटेल तेवढं बसा.

बूच पुन्हा खाली पडलेलं. भोक सैल झालंय बहुतेक.

मग दादाला फोन लावला आणि ठसक्यात ऐकवलं, "ये रविवारी. बाबा कसा चालू करतात ते बघ."

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी मुद्दाम गॅलरीत उभी राहिले. बाबा खाली गेले, ट्रकमध्ये बसले. सेल्फचा आवाज येईना. किती वेळ येईना.

गेले खाली. किल्ली फिरवलेली, लाल दिवा लागलेला. बूच पायाशी. बाबांचं बोट त्या भोकात.

"इथे काहीतरी होतं," ते म्हणाले.

"चोकचा नॉब होता, बाबा. आता नुसता सेल्फ मारायचा."

"हो हो, माहीत आहे." पण बोट निघेना. मग हळूच म्हणाले, "तो ओढला की पुढचं हात आपसूक करायचे. आता बसलो की सुचतच नाही, पुढे काय ते."

रेडिओ! तो कधीचा बंद आहे. त्याचा स्पीकर मीच काढून दुकानात नेलाय. हे मला कालच आठवायला नको होतं? वायरिंगची चूक सापडल्याच्या आनंदात मला बाकी काही दिसलंच नाही.

भीती वाटतेय. अजून काय काय त्यांचे हातच आपसूक करतात? ब्रेक? वळण? आईला बोलले नाही. दादाचं म्हणणं खरं निघतंय, आणि त्याचाच राग येतोय.

१३ डिसेंबर, शनिवार

जुना नॉब परत त्याच जागी बसवला. मागे तार नाही, कशाला जोडलेला नाही. बाबा शेजारी उभे राहून सगळं बघत होते.

उद्या ते नॉब ओढतील, हात पुढचं करतील, ट्रक चालू होईल. दादाचं तोंड बंद. मी गप्प बसले तर कुणाला काही कळणार नाही. आणि परवा ते फळ्या भरून रस्त्यावर जातील. सांगितलं तर ट्रक गेला, आणि ट्रकबरोबर बाबा. काय करू?

१४ डिसेंबर, रविवार

दादा ट्रकसमोर हाताची घडी घालून उभा. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि मला म्हणाले, "चढ." किल्ली माझ्या हातात दिली. स्वतः वळसा घालून पलीकडून चढले, शेजारी बसले. मग हात लांब करून नॉब ओढला.

"मार सेल्फ," म्हणाले. "चोक मी बघतो."