काढ्याच्या भांड्यांना आमच्या दारी मनाई करण्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधिकारी साहेब,
प्राथमिक आरोग्य केंद्र, तांबडहळ्ळी,
जि. कलबुर्गी.

विषय : माझी मुलगी शिवलीला, वय सात वर्षे, हिला गल्लीच्या मायेपासून संरक्षण मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या केंद्राच्या रिक्षाने आमच्या दारासमोर थांबून कर्ण्यावरून दिलेली सूचना, ‘आजारी मुलांना पातळ पदार्थ भरपूर द्यावेत.’

महोदय,

हा अर्ज मराठीत लिहीत आहे. कन्नडात मी दुकानासाठी कापड मागवतो, भाव करतो, लग्नपत्रिका वाचतो. तक्रार मात्र मला मराठीतच नीट मांडता येते. आपले शिक्षण लातूरला झाल्याचे आशा कार्यकर्त्या सुधारानी यांच्याकडून कळले, म्हणून हे धाडस. खरे तर समक्षच येणार होतो. परंतु बाधित घरातील माणसाला आत प्रवेश नाही आणि अर्जाशिवाय विचार नाही, असे आपल्या शिपायाने फाटकावरूनच कळवले. फोन लावला असता प्रथम एक अनोळखी इसम खोकतो, नंतर एक बाई काळजी घेण्यास सांगतात, आणि फोन कटतो. असो.

१. मुलीला ताप आला, तपासणीत ती बाधित निघाली, आणि आपण तिला घरीच ठेवण्यास सांगितले. वेगळी खोली, वजनाप्रमाणे तापाचे औषध, पाणी पाजत राहणे, श्वास जोरात चालू लागल्यास ताबडतोब कळवणे, या आपल्या सर्व सूचना आम्ही पाळल्या. पत्नी नेत्रावती तोंडाला मास्क बांधून तिच्याजवळ राहिली. मी व माझी वृद्ध आई लिंगम्मा ओसरीवर राहिलो. दोन-तीन दिवसांत ताप उतरला, मुलगी उठून बसली व तिने धपाटे मागितले. हा अर्ज येथेच संपायला हवा होता.

२. परंतु रिक्षाची सूचना आमच्या गल्लीने फारच मनावर घेतली. त्याच संध्याकाळी समोरच्या सुभद्राबाई मिरी, सुंठ व तुळशीचा काढा तांब्यात घेऊन आल्या आणि नियमाप्रमाणे लांबूनच कट्ट्यावर ठेवून गेल्या. गेल्या म्हणजे रस्त्यापलीकडे जाऊन उभ्या राहिल्या. मूल पिताना डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आमच्याकडे कोणी हलत नाही. पत्नीने पेला जरा बाजूला सारताच पलीकडून आवाज आला, “नेत्रा, कामून बाजूला ठिवायलीस गं? गरम गरम पाज की लेकराला!” मुलीने खिडकीत उभे राहून काढा प्यायला. सुभद्राबाईंनी समाधानाने डोळे पुसले. त्यांची माया खोटी आहे असे माझे मुळीच म्हणणे नाही. खोटी असती तर मी सहज नाही म्हटले असते.

३. दुसऱ्या दिवशी लसूण व ओवा आला. त्यानंतर गुळवेल, त्यानंतर लवंग आणि दालचिनी. एका सद्गृहस्थांनी कडुनिंबाचा अर्क आणला व तो त्यांच्या मोबाइलवर आलेला असल्याचे सांगितले. एकाचा प्यायला आणि दुसऱ्याचा नाही प्यायला, तर पुढची दहा वर्षे त्या घराशी बोलणे होत नाही, हे आपण या भागात नोकरी करत असल्याने जाणताच. सबब मुलीने सर्वांचा थोडा थोडा प्यायला. वर वैशाखाचे ऊन. व्हायचे तेच झाले. मुलीचे पोट बिघडले.

४. सुधारानी यांनी आपले काम चोख बजावले. जुलाब हे लक्षण असल्याने त्यांनी ते वर कळवले, आणि आमच्या दारावरच्या विलगीकरणाच्या पाटीची मुदत वाढली. मुदत वाढल्याचे कळताच गल्लीला अतिशय वाईट वाटले. पोरीचा आजार हटत नाही म्हणून लोकांनी काढा अधिक कडक केला. कडक काढ्याने जुलाब वाढले. माझी मुलगी आता कोणत्या रोगाने घरात कोंडली गेली आहे, हे आपल्या दप्तरी नमूद असल्यास मलाही कळवावे.

५. आता भांड्यांविषयी. शेजारचे भांडे रिकामे परत करू नये, निदान मूठभर शेंगदाणे तरी घालावेत, हा रिवाज आपल्याही घरी असेल. परंतु बाधित घरातून खाण्याची वस्तू बाहेर जाऊ नये, असा आपला नियम. म्हणजे रिवाजाप्रमाणे भांडे रिकामे जात नाही आणि नियमाप्रमाणे भरलेले जात नाही. ते जातच नाही. आमच्या ओसरीवर सध्या तांबे, पितळ्या, डबे व एक झारी एवढी जमली आहेत की, वाटेने जाणाऱ्या एका फेरीवाल्याने मोडीचा भाव विचारला. इकडे एक शेजारी अंघोळीला तांब्या नाही म्हणून रोज कट्ट्यासमोर येऊन घसा खाकरतात. या दिवसांत ते ऐकून सबंध गल्ली दारे लावून घेते.

६. मी आईला नियम समजावून सांगितला. ती म्हणाली, “आपल्या घरातून रिकामं भांडं कवा गेलं न्हाई. सरकारं आली आन् गेली.” आणि तिने पहाटे उठून काही भांड्यांत गूळ घालून ती कट्ट्यावर ठेवली. लोकांनी गूळ फेकला, भांडी उकळली, आणि मग त्यांना आठवले की मुळग्यांच्या, म्हणजे आमच्या, घरून भांडे भरून आले आहे, तेव्हा आता आपल्यालाही काहीतरी भरून पाठवणे आले. काय भरून पाठवले, ते साहेबांना निराळे सांगायला नको.

७. मी गुपचूप काढा ओतून पाहिला. परसातल्या लिंबाच्या झाडाला घातला. त्या झाडाबद्दल मी काही बोलू इच्छित नाही. मुलगी झोपली आहे असे सांगून पाहिले; लोक ती उठेपर्यंत थांबले. शेवटी आपल्या केंद्रातून मदत येईल अशा आशेवर होतो, तर परवा सुधारानी यांच्या हातून एक पितळी तांब्या आला. आपल्या मातोश्रींनी स्वतः उकळून पाठवलेला. त्यात काय होते ते ओळखता आले नाही, पण तांब्याची कल्हई निघाली आहे.

८. येथवर मी हसत लिहिले, कारण बायको-आईसमोर रडता येत नाही. आता जे लिहितो ते कृपया उभ्याने वाचू नये. शिवलीलाने कालपासून पाणी पिणे सोडले आहे. भांड्याचा आवाज झाला की ती पलंगाखाली जाते. साधे पाणी दाखवले तरी त्यात काढा आहे असे तिला वाटते, कारण आम्हीच तिला दोनदा तसे फसवले आहे. आपल्या केंद्राची मीठ-साखरेची पुडी पाण्यात कालवून दिली, तर तिने दात आवळून धरले. जीभ कोरडी पडली आहे, डोळे आत गेले आहेत, आज सकाळपासून लघवीला एकदाच गेली. मला भीती वाटते, साहेब. रोगाची वाटली नाही इतकी वाटते. मघाशी ती पलंगाखालून म्हणाली, “अप्पा, मी बरी झाले न्हवं? मग त्यास्नी सांगा की!” मी भर बाजारात गिऱ्हाइकाला नाही म्हणू शकतो. सुभद्राबाईंना मला नाही म्हणता आले नाही.

सबब विनंती की,

(अ) आपण अगर कोणी नर्सबाईंनी आजच, हा अर्ज हाती पडताच, येऊन मुलीला तपासावे. सलाइन लावावे लागणार असल्यास गाडीची व्यवस्था व्हावी.

(आ) या घरात पाणी, मीठ-साखरेचे पाणी, पेज व ताक यांखेरीज काहीही आणण्यास मनाई असल्याचा आदेश, शिक्क्यासह, आमच्या दारावर लावावा. शेजाऱ्याला नाही म्हणणे हे शासनाचे काम आहे. माणसाला ते जमत नाही. शासनावर लोक रागावले तरी शासनाला त्यांच्या लग्नाला जायचे नसते.

(इ) तोच आदेश रिक्षावरून गल्लीत, आणि शक्य झाल्यास आपल्या राहत्या घरासमोरही, वाचून दाखवावा.

आदेशाला वेळ लागेल हे मी समजू शकतो. माझ्या मुलीला तेवढा वेळ नाही, म्हणून दरम्यान जे माझ्याच्याने होईल ते मी सुरू करत आहे. त्याची सुरुवात कोणाच्या भांड्यापासून करावी, याचा ओसरीवर बसून विचार केला. आईने एक तांब्या चिंच लावून लख्ख घासला, आणि पहिल्यांदाच तो गूळ न घालता माझ्या हाती दिला.

आजवर सर्वांचाच नम्र,
प्रशांतकुमार लिंगराज मुळगे
कापड दुकानदार, मु. तांबडहळ्ळी
दिनांक : २१ मे २०२१

सोबत : आपल्या मातोश्रींचा पितळी तांब्या, नग एक. रिकामा आहे.