आमचा डेरिक ब्र काढत नाही

ग्वेल्फ, १९ नोव्हेंबर २०२३

चि. इमेल्डास,
दादाचे अ. आ. आणि जय ख्रिस्त. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, तेव्हा आपलं हे कागदाचंच बरं. बातमी मोठी आहे. काल आपल्या डेरिकला बघायला माणूस आला होता. हसू नकोस, अगदी मुलगी बघायला येतात तसाच! विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा कोच. हा फुटबॉल म्हणजे आपण वसईला चर्चच्या मैदानावर बघायचो तो नव्हे; हा इथला, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. शर्लिनने सकाळपासून घर घासलं. जावई नेहमीप्रमाणे ट्रक घेऊन अल्बर्टाला, म्हणून लेकीच्या घरचा कर्ता पुरुष मी. कोट घालून बसलो.

माणूस फार चांगला गं. प्रार्थनेला टोपी काढून मान खाली घातली, तळलेले फुगे आणि मटण बोटं चाटत खाल्लं. खेळाचं नाव नाही. म्हणाला, पोरगा किती पळतो ते व्हिडिओत पाहिलंय, मी घर बघायला आलोय. वळण कसं आहे, मोठ्यांशी कसा वागतो, आमच्या संघाच्या संस्कृतीत बसेल का. जेवल्यावर ताटं कोण उचलतं तेही विचारलं! शर्लिन लाजून स्वयंपाकघरात पळाली, डेरिक आपला गालिच्याकडे बघतोय. मग मीच तोंड उघडलं. मागच्या हिवाळ्यात मनगटाचं हाड मोडलेलं असताना पोराने अख्ख्या ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल केला, आणि रात्री जेवताना चमचा डाव्या हातात दिसला तेव्हा कुठे आम्हाला कळलं, ते सगळं सांगितलं. आमचा डेरिक ब्र काढत नाही, म्हटलं. कोचने उठून माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, अशाच पोरांसाठी मी घरोघर फिरतो.

आज सकाळी फोन आला, जागा पक्की! डेरिकने मला उचलून गोल फिरवलं. या वयात कुणी उचललं की बरं वाटतं बघ.

गुडघ्यांना तेल लावत जा. माया आहे ती तशीच राहू दे.

तुझा दादा,
युजीन


सरे, ४ डिसेंबर २०२३

ती. युजीनदादास,
इमेल्डाचा कृ. सा. न. आणि जय ख्रिस्त.

पत्र पोचलं. कोट म्हणजे माझ्या लग्नातलाच ना? बटण लागलं की पोट आत ओढून बसला होतास? डेरिकला माझा मोठा पापा दे. इकडे पाऊस सोडून काही नाही, आणि सूनबाईने विंटर टायर बसवल्यापासून ती मलाच गाडी चालवायला शिकवायच्या गोष्टी करते!

एक विचारते, रागावू नकोस. त्या कोचला तू पोराचा गुण सांगितलास, की याला कितीही लागलं तरी हा तुम्हाला त्रास देणार नाही, असं सांगितलंस? हाड मोडलेलं पोर बर्फ उपसत होतं आणि घरात कुणाला पत्ता नाही, ही काय मिरवायची गोष्ट? वाचताना शर्लिनला दोन शब्द सुनावावेसे वाटले आणि तुला चार. आपल्या आईने आपल्याला तसंच वाढवलं, रडलं की आणखी एक बसायची. त्याने आपण शहाणे झालो असं तुला वाटतं. मला नाही वाटत.

पोराला सांग, तिथे लागलं की बोंब मारायची. लाजायचं नाही.

माझं बोलणं पोटात घाल, पण विसरू नकोस.

तुझीच,
इमेल्डा


ग्वेल्फ, १६ ऑक्टोबर २०२४

चि. इमेल्डास,
अ. आ. वि. वि.

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला डेरिक आला होता, काल परत गेला. पहिल्याच वर्षी त्याला मैदानात उतरवलंय, टीव्हीवर नावसुद्धा घेतलं. तरी हे पत्र शर्लिन झोपल्यावर लिहितोय.

पोर बदललंय. खोलीत दिवा नको म्हणतो. जिना उतरताना भिंत धरतो. जेवायला बसायच्या आधी विचारलं, पपा कधी येणार, शर्लिनने सांगितलं. जेवताना पुन्हा तेच विचारलं, तसंच, पहिल्यांदा विचारल्यासारखं. शर्लिनला वाटलं, अभ्यासाचा ताण. मी बेसमेंटमध्ये गाठलं त्याला. आधी काही नाही, काही नाही. मग सांगितलं, की सप्टेंबरात डोकं असं आदळलं की सगळं पांढरं झालं, आणि तेव्हापासून दुखणं थांबत नाही. मी विचारलं, तुमच्याकडे डॉक्टर नाही? तर म्हणाला, आहे की. हंगामाआधी सगळ्यांच्या डोक्याची परीक्षा घेतात, शब्द लक्षात ठेवा, आकडे उलटे म्हणा. पुढे मार लागला की तीच पुन्हा घेऊन फरक बघतात. जुनी पोरं नव्यांना शिकवतात की पहिली परीक्षा मुद्दाम वाईट द्यायची, म्हणजे फरक दिसतच नाही. यानेही तेच केलं.

गळ्यातल्या क्रुसावर माझा हात ठेवून शपथ घेतली माझ्याकडून, आईला सांगायचं नाही. थोडेच सामने राहिलेत म्हणाला. मी नको नको म्हणत होतो, तर शांतपणे म्हणाला, आजोबा, मी कसा आहे ते तुम्हीच त्यांना सांगितलं होतंत.

शपथ मोडावी का गं? मोडली तर त्याचं सगळं जाईल. तू सांगशील तसं करीन.

युजीनदादा


सरे, २४ ऑक्टोबर २०२४

दादा,

आज मायन्याला वेळ नाही. पत्र आत्ता हातात पडलं आणि सुनेला अजून तास आहे यायला, नाहीतर तिलाच फोन करायला लावला असता. आली की लावणारच आहे.

मला कसली परवानगी मागतोस? परवानगी मागायला पत्र टाकतोस, जे यायला आठवडा लागतो! तुला गप्प राहायला आठवडा हवा होता, दादा. मी तुझ्याबरोबर वाढलेय, मला कळतं.

शपथ देवाच्या आणि तुझ्यामधली. पाप असेल तर पुढच्या शनिवारी कन्फेशनला जा, फादर ऐकून घेतील. शर्लिनला आत्ता सांग. हे पत्र खाली ठेव आणि सांग.

इमेल्डा


ग्वेल्फ, १७ नोव्हेंबर २०२४

चि. इमेल्डास,
अ. आ.

तुझ्या सुनेचा फोन आला तेव्हा घरात कुणी नव्हतं. आम्ही हॉस्पिटलात होतो. आदल्या दिवशी सरावात त्याला आणखी एक मार बसला होता, आणि सकाळी तो हॉस्टेलच्या वॉशरूममध्ये पडलेला सापडला. शर्लिन आणि मी तीन तास गाडीत. ती रोझरी म्हणत होती, मी उत्तरं देत होतो, आणि तेव्हाही सांगितलं नाही.

डेरिक शुद्धीवर होता. डॉक्टरीणबाईंना सांगत होता, फरशी ओली होती, पाय घसरला, शनिवारी खेळायचंय. आधी कधी डोक्याला लागलंय का विचारलं, तर नाही म्हणाला. मग त्या बाईंनी आमच्याकडे वळून विचारलं, घरी काही वेगळं दिसलं का. डेरिकने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. सप्टेंबरचं, जिन्याचं, परीक्षेचंसुद्धा. बोलून झाल्यावर मान वर केली तर डेरिकने तोंड फिरवलेलं, आणि शर्लिन माझ्याकडे बघत होती. तिला तिथे कळलं की मला माहीत होतं.

खेळ संपला त्याचा. या वर्षाचा नव्हे, कायमचा म्हणतात. पानभर वाचलं की ओकतो, म्हणून कॉलेजही सोडवलंय. कोचचा फोन आला होता. आवाजात खरंच दुःख होतं, खोटं कशाला बोलू. पण जागेचं विचारलं तेव्हा म्हणाला, तो बरा झाला तरी तिची खात्री देता येणार नाही. त्याने दुखापत लपवली, परीक्षेत फसवलं, आणि आमच्या संघात प्रामाणिकपणा पहिला. असा मुलगा आमच्या संस्कृतीत बसत नाही. मी हो म्हटलं, थँक्यू म्हटलं. सवय गं, दुसरं काय.

शर्लिन माझ्याशी ग्रोसरीपुरतं बोलते. डेरिक तेवढंही नाही. बेसमेंटमध्ये अंधार करून पडलेला असतो. सकाळी जिन्यावर त्याचं पाऊल वाजतं, मध्येच थांबतं, बराच वेळ काही ऐकू येत नाही, मग पुन्हा वाजतं. मदतीला जायला मला बंदी आहे. तो वरपर्यंत पोचेस्तोवर मी चहाला तोंड लावत नाही.

तू लिहिलंस ते खरं होतं. मला आठवडा हवा होता. रागाव, पण पत्र बंद करू नकोस.

युजीन