एक जूनच्या मुली

२३ नोव्हें. २००१, शहापूर
ऋजू विद्यापीठातून आली. सोबत चार दिवसांचे मळके कपडे आणि एक ठेंगणा लाकडी बाक. रिक्षावाल्याला हात लावू दिला नाही, स्वतः उचलून आणला. एम.पी.एड.चे दुसरे वर्ष. प्रबंधासाठी मुलींना या बाकावर पाच मिनिटे, मिनिटाला तीसदा, चढवायचे-उतरवायचे आणि मग बसवून नाडी मोजायची. यावरून दमसास कळतो म्हणे. म्हटले, "आपल्याकडे बायका विहिरीवर हेच करतात. त्यांना कोणी पदवी देत नाही." सौ.ने असे पाहिले की तव्यावरची पोळी करपली.
घरात तीन पिढ्या संस्कृत. चौथीत घाम.

२६ नोव्हें.
शेणव्याच्या पुढच्या आश्रमशाळेत गेलो. आसपासच्या वाड्यांवरच्या ठाकर आदिवासींच्या मुली तिथे राहून शिकतात. ९१ ते ९५ मी तिथेच गुरुजी होतो, नंतर शहापुरात संस्कृतच्या तासिका मिळाल्या. येऊ का विचारले तर ऋजू म्हणाली, "कशाला? तुम्ही टोमणे मारणार." गेलो. मारले.
टेपवर टकटक भरून आणली होती. सेल बसले, टकटक म्हातारी झाली. मी पट्टीने टेबलावर ठोके दिले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच माझ्या तालावर कोणी हलले. तर म्हणे, "बाबा, तुमचे ठोके एकसारखे नाहीत. हे सगळं बाद." उद्या नवे सेल.
मुली खिदळत होत्या. "ताय, डोक्यावर मोळी नाय? रिकामंच चढायचं?"

२७ नोव्हें.
चाळीस मुली झाल्या. सोमी नावाची आठवीतली एक पाच मिनिटे संपली तरी उतरेना. "आजून चढू का गो ताय?" नाडी अशी संथ की ऋजूने तीनदा मोजली. ही तीच सोमी, जी जिल्ह्यात चौदा वर्षांखालील मुलींत पहिली धावली. राज्याच्या शिबिरासाठी निवड झाली आहे. ठाण्याच्या साप्ताहिकाला मीच बातमी पाठवली होती: "तेरा वर्षांची वनकन्या." "वनकन्या" हा शब्द संपादकाचा. तेरा मात्र माझे.

११ डिसें.
ऋजू विद्यापीठातून परत. जेवली नाही. मार्गदर्शक प्रा. क. यांनी वही फेकली. त्यांचे म्हणणे तिने सौ.ला सांगितले, मी पेपर वाचत असल्याचे सोंग करून ऐकले.
"तेरा वर्षांच्या मुलींच्या नाड्या अशा येतच नाहीत. घरी बसून भरल्यात का?"
ती म्हणाली, मोजल्या सर.
"आणि चाळीसच्या चाळीस मुली एक जूनला जन्मल्या? निदान खोटं तरी नीट लिहायचं."
ती म्हणाली, शाळेच्या रजिस्टरात तसंच आहे.
"ते मला ठाऊक आहे हो. माझ्या आजोळी अर्धं गाव एक जूनचं आहे. पण तुमच्या प्रबंधाच्या नावातच 'बारा ते चौदा वयोगट' आहे. वयच लबाड असेल तर बाकी काय मोजलंत?"
माणूस उद्धट. मुद्दा बिनतोड. हे एकत्र आले की फार त्रास होतो.
अट: ज्या शिक्षकाने नोंदी केल्या त्याने वये कशी ठरवली ते लेखी, सहीनिशी द्यावे. २८ जाने.च्या आत. नाहीतर 'माहिती बनावट' असा शेरा मारून प्रबंध परत, वर्ष गेले. शेरा मात्र राहणार.
पेपराचे पान उलटायचे विसरलो. सौ.च्या लक्षात आले असावे.

१२ डिसें.
सुचवले, दुसरी शाळा घे. मुरबाडकडे आहेत की.
"तिथेही एक जूनच असणार."
नोंदी कोणाच्या हे मी सांगितले नाही, तिने विचारले नाही. शहामृग होणे या वयातही जमते.

१९ डिसें.
ऋजू शाळेत जाऊन रजिस्टर पाहून आली. दारातच चपला न काढता उभी.
"अक्षर ओळखीचं निघालं."
मी म्हटले, चांगले आहे ना अक्षर.
"बाबा, विनोद करू नका."
मग सौ.ने विचारले आणि मी सांगितले. पटनोंदणीचे दिवस. जूनमध्ये वाड्यांवर हिंडून पोरे गोळा करायची. आयांना जन्मतारीख विचारली की उत्तर यायचे, "आवणी चालू होती," किंवा "तिचा बा पडला त्या सालात." सरकारी रकान्यात भाताची आवणी मावत नाही. मग रीत अशी: मुलाने उजवा हात डोक्यावरून न्यायचा. डाव्या कानाला लागला की सहा पूर्ण. तारीख एक जून, साल उलटे मोजून. सगळे गुरुजी असेच करत. तपासणीला येणाऱ्या साहेबांनीच शिकवले.
ऋजू: "हात कानाच्या पुढे गेला तर?"
मी: "तरी सहा."
"का?"
पहिलीत घालायचे असले की सहाच बरे, सात-आठ लिहिले की वरचे विचारणार, इतकी वर्षे कुठे होती. हे तिला सांगितले.
तिने बाकावर चढते तसे जोराने पाऊल टाकले आणि आत गेली.
तिला जे सांगितले नाही ते इथे: सोमीचा हात कान ओलांडून गालावर आला होता. पक्के आठवते, कारण तिने त्याच हाताने गाल खाजवला. आठ तरी असेल. मी लिहिले, १-६-१९८८.

२४ डिसें.
घरात अबोला. मीठ हवे असले तर सौ.मार्फत मागायचे. आज ऋजू प्रथमच थेट बोलली. "तुम्हाला माझा विषय म्हणजे कवायत वाटते. तुम्ही कानाला हात लावून वय मोजलंत, मी नाडी मोजते. खरं कोणाचं निघालं?"
तिचे. म्हटले मात्र, "नाडीवरून वय कळत नाही ना पण." नको ते बोलण्याची हातोटी आहे मला.

३ जाने. २००२
पत्राचा मसुदा. पहिला: "तत्कालीन परिस्थितीत वयनिश्चितीची साधने अपुरी असल्याने..." हे साहेबांना शोभेल. फाडला. दुसरा: "मी, खाली सही करणार, कळवितो की या मुलींची वये मी अंदाजाने लिहिली, आणि काहींची जाणून कमी." हे बरोबर.
निवृत्तीला सहा वर्षे. चौकशी झालीच तर होईल.

६ जाने.
मुरबाडहून भोईरसर आले. सोमीला धावायला तेच शिकवतात, दर रविवारी एसटीने शेणव्याला जाऊन. चहा हातात घेतला, प्यायले नाहीत.
"गुरुजी, पत्र लिवताय असं ऐकलं."
म्हटले, लिहितो आहे. माझी मुलगी खोटारडी ठरते आहे.
"आनि ते पत्र जाणार कोणाकडं? तुमच्या प्रा. क.कडं. निवड समितीवर कोण हाय? तेच. म्हंजे पोरीला शिबिरातनं हाकलायला तुमी नि त्यांनी मिळून टपाल केलं."
हे मला ठाऊक नव्हते.
"सत्तावीसला शिबिर. होस्टेल, खानं, शिक्षण, सगळं तिथंच. नायतर मे महिन्यात वीटभट्टीवर. तुमच्या पोरीचं एक वर्ष जाईल. ह्या पोरीचं काय जाईल ते तुमीच मोजा."
म्हटले, पण ती चौदाखालची नाही हो, भोईर.
"मग? आजवर कोन होतं खरं? तुमच्याच सहीवर धावली ना ती?"
आणि जाताना दारात: "तुमचं संस्कृत बरं. त्यात सगळी मेलेलीच असतात."
सौ. म्हणाली, उद्धट आहे. नेहमीप्रमाणे मुद्दा बिनतोड.

७ जाने.
ऋजूला भोईरांचे सांगितले. मला वाटले रडेल. ती चिडली.
"म्हणजे आता मी ठरवायचं? चूक तुमची, आणि निर्णय माझा?"
मी: पत्र माझे आहे. मी ठरवीन.
"प्रबंध माझा आहे. सोमीला बाकावर मी चढवली."
शेवटी ठरले एवढेच की आधी सोमीचे खरे वय विचारू. कदाचित मीच चुकत असेन. माणूस किती आशेने चुकू पाहतो.

१३ जाने.
ऋजू आणि मी सोमीच्या वाडीवर; ती संक्रांतीच्या सुट्टीला घरी आलेली. चढाला मी तीनदा थांबलो. ऋजूने न विचारता माझे मनगट धरले, घड्याळात पाहिले आणि सोडले. किती ते सांगितले नाही.
सोमीची आई नाचणी पाखडत होती. मला ओळखले. "गुरुजी! पार पिकलं की डोकं." घोंगडी टाकली.
मी आडून आडून सुरू केले. सोमी जन्मली तेव्हा काय चालले होते? लुगड्याच्या पदराने तोंड पुसून बाई म्हणाली, "ते मला काय ठावं? तुमीच सांगितलं ना. एक जून."
तसे नाही हो, खरे.
"खरं म्हंजे? तुमी वहीत लिवलं, मला वाचून दावलं. म्हनालात, इसरू नको. नाय इसरले. दर सालाला एक जूनला गूळ वाटतो आमी. वाडीवर कोनाच्या पोरीला असा दिस नाय."
ऋजूने मान खाली घातली.
मी तरी विचारले. मुलगा कधीचा, सोमी त्याच्या आधी की नंतर. बाईचे पाखडणे थांबले.
"गुरुजी, पोरीला खेळायला नेतायत म्हून इचारताय का नेऊ नये म्हून?"
तेवढ्यात सोमी पाण्याचे दोन हंडे घेऊन वर आली, श्वास न लागता, आणि ऋजूला म्हणाली, "ताय, शिबिरात पन असाच बाक आसतो का? मंग मी पहिली येनार."
एसटीत ऋजू म्हणाली, "बाबा, तुम्ही नुसती तारीख नाही दिलीत." ती शिव्या देते तेव्हा बरे वाटते.

२० जाने.
पत्र लिहून पूर्ण केले. दुसराच मसुदा, सोमीचे नाव स्वतंत्र न घालता. पण चाळीस मुलींत तीही आहेच. सही केली. ऋजूला दिले.
तिने उभ्याउभ्या वाचले. "'जाणून कमी' हे शब्द खोडणार का?"
नाही.
"मग बरंय." प्रबंधाच्या कागदांत ठेवले. देणार आहेस का विचारले.
"अजून आठ दिवस आहेत."
म्हटले, मी ते थेट टपालाने पाठवू का, तुझ्यावर यायला नको.
"हेच तर केलंत तेव्हा. सोयीचं." आणि बाक उचलून विद्यापीठात जायला निघाली. या खेपेला रिक्षापर्यंत मी धरू पाहिला. तिने धरू दिले नाही.

२७ जाने.
भोईरसरांनी सोमीला शिबिराला नेले. आटगाव स्टेशनवर आई सोडायला आली होती म्हणे. मी गेलो नाही. कोणत्या तोंडाने जायचे, हे ठरले नाही.

२९ जाने.
काल मुदत संपली. विद्यापीठाकडून काही नाही, ऋजूकडून काही नाही. घरचा फोन आठवडाभर बंद. सौ. म्हणते, एसटीडी बूथवरून लावा. लावून काय विचारू? पत्र दिलेस का, असे विचारले तर द्यायला हवे होते असे वाटेल. नाही विचारले तर नको द्यायला होते असे.
संध्याकाळी गेलो. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, धरा. बराच वेळ धरला. मग चपलांचा आवाज, आणि ती.
"हं बाबा. बोला."
म्हटले, जेवलीस का.
"सहा वाजलेत, बाबा."
मी मीटरचे आकडे सरकताना पाहिले. बाहेरच्या माणसाने काचेवर नाणे वाजवले. "ओ काका, बोलायचं नसंल तर ठेवा ना. लाइन लागलीय इथं."