आईसमोर बोल

प्रिय ग्योंगमो,

'प्रिय' आईनं लिहायला लावलं. माझ्या मनातले शब्द लिहिले असते, तर तुला पुढे वाचवलं नसतं.

दाम्यांगला यंदा थंडी लवकर आली. पाहुण्यांसाठी अंगणात घातलेला मांडव मी उतरवला. आपण दोघांनी हे काम काढलं तेव्हा काय ठरलं होतं? मोठ्या हॉटेलांतल्या शेफना गावात आणायचं. त्यांनी सोयाबीन कुटावं, ते आंबवायच्या रांजणात हात घालावा, आईच्या हातचं जेवावं आणि जावं. इंग्रजी तुला येत होतं, म्हणून बोलायचं काम तुझं. मी भात वाढत होते आणि तू काय बोलतोस ते मला कळत नव्हतं. पाहुणे डोळे पुसायचे. मला वाटायचं, मिरची लागली असेल. आईला वाटायचं, चव आवडली. ती आणखी वाढायची.

ओसाकाहून आलेल्या त्या शेफ बाईंना आपली कोरियन भाषा येत असेल हे तुझ्या ध्यानीमनी नव्हतं. त्यांनी आईचे हात धरले आणि अडखळत म्हणाल्या, "अपघात झाला तेव्हा तुमचा मुलगा तुमच्या हातचं जेवायलाच येत होता ना, मोटरसायकलवरून?" आईच्या हातात डाव होता. ती म्हणाली, "येत नव्हता हो. जात होता. माझ्याशी भांडून." सगळ्यांनी तुझ्याकडे बघितलं. आणि तू, निर्लज्जा, हसून त्यांना सांगितलंस, "आई म्हणतात, गार होतंय, जेवून घ्या."

सोकचान तुझा मित्र होता. लहानपणी याच ओसरीवर तुम्ही दोघं एका ताटात जेवलात. त्याला या रांजणांचा वास सोसत नव्हता, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? "घरभर कुजका वास, कोण राहणार इथं," असं आईला म्हणून तो निघाला होता. ग्वांगजूला तळलेल्या कोंबडीचं दुकान टाकायचं होतं त्याला. ते भांडण तेवढंच आईकडे उरलंय. तेही तू बदललंस, आणि पाहुण्यांना जेवणासोबत वाढलंस.

मागच्या दारी गाठून विचारलं तर म्हणालास, "ताई, नुसतं सोयाबीन बघायला कोण येतं? त्यांना गोष्ट लागते." तेव्हाच थोबाडीत द्यायला हवी होती. पाहुणे होते म्हणून वाचलास.

आई तुझ्यावर चिडली नाही, त्याचाच मला जास्त राग येतो. जेवायला बसली की विचारते, "आणखी काय काय सांगायचा गं तो?" ओसाकाच्या बाईंनी फोनवर जे जे सांगितलं, ते सगळं मी तिला सांगितलं. मरताना सोकचान 'आई' म्हणाला, हेही. आई म्हणाली, "कुणी ऐकलं? रस्त्यावर तर कुणीच नव्हतं." मग ताट तसंच टाकून उठली.

परवा हॉटेलवाल्यांच्या संमेलनाचं आमंत्रण आलं. मोठ्या अक्षरांत तुझं नाव, खाली भाषणाचा विषय: 'वाट पाहणारी आई'. आईनं ते हातात धरून ठेवलं आणि म्हणाली, "मला घेऊन चल." मी नको म्हणत होते. ऐकेना. मी सोलला फोन करून चौकशी केली. इंग्रजी भाषणं आपल्या भाषेत ऐकायला कानाला लावायचं यंत्र देतात, दुभाषीही त्यांचाच असतो. पहिल्या रांगेत आईची जागा धरली आहे, शेजारी माझी. तुला आधी कळवावं, असं आईचं म्हणणं. म्हणून हे पत्र. आता तिच्यासमोर उभा राहा आणि सांग तुझी गोष्ट.

सोकचानची बहीण,
हेवॉन