हेडलीशिवाय यलोस्टोनला

हेडली,

तू उठशील तेव्हा आम्ही वायोमिंगच्या रस्त्याला लागलेले असू. आज नाही, उद्या निघायचंय असं तुला मुद्दामच खोटं सांगितलं होतं, निघताना तमाशा नको म्हणून. तू भरून ठेवलेली बॅग जिन्याखाली आहे. फ्रीजमध्ये मॅकरोनी आहे, ती दोन दिवस पुरव. पुढचं शेजारच्या मिसेस प्रुइट बघतील. टोमॅटोंना पाणी घाल.

सुट्टीत कुठे जायचं यावर तू महिनाभर डोकं खपवलंस, ते वाया गेलं नाही. जुळ्यांनी डिस्नेचा हट्ट धरला होता. यलोस्टोनच्या रानगव्यांची चित्रं दाखवून तूच त्यांना वळवलंस. तुझा नकाशा मी घेतलाय. फक्त ज्या तळ्याकाठी तुझ्या आईचा शेवटचा फोटो काढलाय, तिथे आम्ही थांबणार नाही. माझ्या मुलांच्या आठवणीत त्यांची आई असावी. तुझी तुझ्या आठवणीत आहेच.

आत्ता गाडीत बसताना जुळ्यांपैकी ब्रिनने विचारलं, "हेडली का नाही येत?" मी म्हटलं, "तिला तुमचा कंटाळा येतो." थोडी रडली, मग बिस्किट दिल्यावर गप्प झाली.

बाबांना फोन करून रडारड करू नकोस. तूच यायला नको म्हणालीस, असं मी त्यांना सांगितलंय. मला वाटलं होतं, ते वर तुझ्या खोलीत येतील, निदान एकदा तरी तुला विचारतील. ते "बरं" म्हणाले आणि बॅगा उचलून गाडीकडे गेले.

डॅनेट