पाहुणा बाहेर जाता कामा नये

३ जून
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. यशाच्या धांदलीत सुरुवात विसरायला होतं.
हिच्या व्हायोलिन क्लासला सहाच मुलं उरली. हॉलचे मॅनेजर म्हणतात, महिनाअखेर आठ तरी करा, नाहीतर हॉल कराटेवाल्यांना. हिला नीट झोप नाही. दोन मुलं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ, असं सांगितलं. क्लासची वेबसाइट मीच बनवली आहे. सर्चमध्ये चौदाव्या पानावर येते, एवढंच.
साडू म्हणाले, फाटकावर पाटी लावा. साडूंची झेप फाटकापर्यंतच.

५ जून, सकाळी
सापडलं! साइटमॅप! आपल्या सगळ्या पानांची यादी करून सर्च इंजिनच्या हवाली करायची. मग ते आपलं घर शोधत येतं. यादी केली. पानं चारच निघाली. एवढीशी यादी द्यायची लाज वाटली. उद्यापासून पानं वाढवणे.

दुपारी
उद्या कशाला? ‘व्हायोलिनचा इतिहास’ सुरू केला. चहा. कितवे आलो ते बघितलं. पुन्हा चहा. पुन्हा बघितलं.

९ जून
साठ पानं झाली. तारा, तारांचे प्रकार, तारा का तुटतात, तार तुटल्यावरची मनःस्थिती. ही म्हणाली, माझी तार तुटलीय, नवी तेवढी आणून द्या. मोठ्या कामात असे व्यत्यय यायचेच.

१३ जून
इंटर्नल लिंक! एका पानावरून आपल्याच दुसऱ्या पानावर जायचा रस्ता. मी प्रत्येक पान प्रत्येक पानाला जोडलं. आलेला पाहुणा आतल्या आत फिरला पाहिजे, बाहेर जाता कामा नये. एकच फट होती, फोन नंबर. त्यावर बोट लागलं की माणूस साइट सोडून फोन लावत बसतो. काढून टाकला.
ही म्हणाली, नंबर ठळक टाकलात ना? सगळं विचारपूर्वक चाललंय, असं सांगितलं. खोटं काहीच नाही त्यात.

२० जून
सहावे! पहिल्या पानावर सहावे! बसवेना. चपला घालून जिन्यापर्यंत गेलो, परत आलो, बघितलं. सहावेच. साडूंना फोन केला. पाटी लावली का, म्हणाले.

२३ जून, रविवार
इतिहास घडला. एक पाहुणा पाऊण तास साइटवर होता! एक्केचाळीस पानं वाचली! ‘तारा का तुटतात’ तीनदा! हिला हाताला धरून आणलं, दाखवलं. मग फोन का नाही आला, म्हणाली. संगीताच्या माणसाला घाई नसते, मी म्हणालो.
संध्याकाळी हिने नोटेशनचे आणखी दोन स्टँड पुसून ठेवले. बघून बरं वाटलं.

२८ जून
दाढ ठणकतेय. दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझं तोंड उघडं, तोंडात नळी. बाई बोलायला मोकळ्या. म्हणाल्या, आमच्या जुळ्यांना व्हायोलिन शिकवायचं होतं. सर्चमध्ये चांगला क्लास सापडला, पण मेला फोन नंबर सापडेना. जिथे बोट ठेवावं तिथे तारा! रविवारची अख्खी सकाळ त्यात गेली. शेवटी कंटाळून दोघांना कराटेला घातलं. कुठल्या शहाण्याने बनवली असेल हो ती साइट?
मी ‘आ’ म्हणालो.
जुळी. म्हणजे दोन. सहा आणि दोन आठ. घरी येताना फार वाईट वाटलं. हिला उद्या सांगेन.

२९ जून
दाढ दुखत असल्याने बोललो नाही.

१ जुलै
हॉल गेला. क्लास आता माझ्या खोलीत, मी पॅसेजमध्ये, कॉम्प्युटर चपलांच्या रॅकवर. साठही पानांवर मोठ्या अक्षरांत फोन नंबर टाकला. हॉलचा पत्ता बदलायचा राहिलाय. उद्या बघू.

४ जुलै, सकाळी
फोन आला! साइटवरून! पहिलाच! कोणी बाई होत्या. या पत्त्यावर कराटे शिकवतात ना, असं विचारलं. हो म्हणालो. मुलाला कुठल्या वयापासून घेतात? सहा, असं ठोकून दिलं. आभार मानून त्यांनी ठेवला.
खोलीतलं व्हायोलिन थांबलं. ही दारात आली. कोणाचा फोन, विचारलं. क्लासचीच चौकशी होती, मी म्हणालो.
हिच्या हातात पेन होतं. मुलाचं नाव काय, म्हणाली.